भोपळ्यातल्या म्हातारीची वंशावळ: लोककथेच्या रूपांना जीवशास्त्राची पद्धत कशी लावावी

‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असं सांगून वाघ-कोल्ह्यांच्या तावडीतून सुटणारी आणि परतताना भोपळ्यात बसून येणारी म्हातारी मराठी घरांत सगळ्यांच्या ओळखीची आहे. तीच म्हातारी इराणात लांडगा, बिबट्या आणि सिंहाला चकवत भोपळ्यातून गडगडत येते. बंगालात ती कुबडी आहे, नातीकडे जाते आणि दुध्याच्या कवचात बसते. पोर्तुगालात ती ‘धाव, धाव, भोपळ्या’ म्हणते. पंजाबात १८९४ साली छापलेल्या रूपात म्हातारी नाहीच. तिच्या जागी आजीकडे निघालेलं कोकरू आहे, आणि ते कातडं मढवलेल्या ढोलात बसून परततं. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या कथाप्रकाराला १२२ एफ हा क्रमांक आहे.

इतकं सारखेपण आलं कुठून? सगळी रूपं एकाच जुन्या कथेची लेकरं आहेत, शेजाऱ्यांनी एकमेकांकडून उसनी घेतली, की जिथे तिथे आपापली उपजली? वटवाघळाचा पंख, माणसाचा हात आणि फुलपाखराचा पंख शेजारी ठेवून जीवशास्त्र हाच प्रश्न विचारतं आणि उत्तर काढण्याची शिस्तही देतं. ती शिस्त कथेला कशी लावायची, हे इथे क्रमाने दिलं आहे. लागतील त्या गोष्टी: कथेची १५ ते २० रूपं, एक स्प्रेडशीट, मोफत मिळणारं एखादं सॉफ्टवेअर, आणि तुम्ही भरलेले अंक तपासायला दुसरा एक माणूस. बहुतेक वेळ रूपं जमवण्यात आणि लक्षणं ठरवण्यात जातो. संगणकाचं काम एका दुपारचं.

हे उसनवारीचं नातं जुनं आहे. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली परीकथांची ३१ ‘कार्यं’, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक घटना, मांडली, तेव्हा आपल्या अभ्यासाला त्याने वनस्पतिशास्त्रातूनच ‘आकारशास्त्र’ हे नाव घेतलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ गोटे ट्युरेसन यांनी १९२२ साली एकाच जातीच्या, पण त्या त्या जागेशी जुळवून घेतलेल्या रूपाला ‘इकोटाइप’ हे नाव दिलं. लोककथांचे अभ्यासक कार्ल फॉन सायडो यांनी तेच नाव कथांच्या स्थानिक रूपांसाठी उचललं. नात्यांचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढण्याचं गणित मात्र अलीकडचं. १९९८ साली मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरच्या एका काव्याच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ या गणिताने काढली गेली. २०१३ साली डरहॅम विद्यापीठाच्या जमशिद तेहरानी यांनी लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीची ५८ रूपं ७२ लक्षणांवर तपासली. आपल्याला त्यापेक्षा बरंच लहान काम करायचं आहे.

आधी चार कल्पना पक्क्या करा

वंशागत साम्य म्हणजे पूर्वजाकडून आलेलं सारखेपण. गरजेतून आलेलं साम्य म्हणजे सारख्या अडचणीवर दोघांनी स्वतंत्रपणे शोधलेली सारखी वाट. कथेत ‘तीन प्राणी भेटतात’ हे दुसऱ्या प्रकारात मोडण्याचा धोका फार, कारण तीनदा घडणं ही जगभरच्या सांगणाऱ्यांची सवय आहे. उलट प्राण्याने विचारायचं, आतून खोटं उत्तर द्यायचं आणि लगेच पुढे गडगडायची आज्ञा सोडायची, हा तीन कड्यांचा साचा सहज दोनदा सुचणारा नाही. अशी गुंतागुंतीची लक्षणं सोन्यासारखी जपा.

नवं सामायिक लक्षण ही तिसरी कल्पना, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोन रूपांत एखादी जुनी, सगळ्यांकडेच असलेली गोष्ट आढळली म्हणून ती एकमेकांच्या जवळची ठरत नाहीत. माणूस आणि पाल दोघांना पाठीचा कणा आहे, म्हणून त्यांचं नातं माणूस आणि माकडापेक्षा जवळचं होत नाही. वाटेत नव्याने शिरलेली आणि मोजक्याच रूपांत दिसणारी गोष्टच जवळीक दाखवते.

चौथी कल्पना अवशेषांगाची, आणि साहित्याच्या वाचकाला ती फार फळते. माणसाच्या माकडहाडासारखी एखादी गोष्ट कथेत उरलेली असते, पण तिचं काम संपलेलं असतं. बंगालच्या छापील रूपात म्हातारीची दोन कुत्री सुरुवातीला येतात आणि शेवटी कोल्ह्याचा समाचार घेतात. तिथे ती कामाला जुंपलेली आहेत. समजा एखाद्या सांगणारीच्या कथेत म्हातारी निघताना कुत्र्याला ‘घर सांभाळ’ म्हणते आणि पुढे त्याचं नावही येत नाही. तो कुत्रा अवशेषांग असू शकतो. सांगणारी चुकली असं समजून असा तपशील गाळू नका. कथेत ज्याचा उपयोग दिसत नाही, तेच पूर्वजाची खूण सांगतं.

पहिली पायरी: रूपं गोळा करणं

एक रूप म्हणजे एका व्यक्तीने एका वेळी केलेलं एक कथन, किंवा एक छापील पाठ. ‘मराठी रूप’ असं एकच रूप धरलंत तर पुढचं सगळं कोसळतं, कारण मराठीतच म्हातारी कुठे लेकीकडे जाते तर कुठे नातीकडे, आणि शेवट तर घरागणिक वेगळा असतो. जीवशास्त्रज्ञ ‘बेडूक’ मोजत नाही, विशिष्ट तळ्यातला नमुना मोजतो.

प्रत्येक रूपामागे या नोंदी ठेवा: सांगणाऱ्याचं वय, बोली, ध्वनिमुद्रणाची तारीख, गोष्ट कुणाकडून ऐकली, आणि ती व्यक्ती कुठली. नाव तक्त्यात न घालता सांकेतिक अक्षर वापरा, आणि ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्या. या गोष्टी बहुतेक बायकांच्या तोंडून पुढे जातात आणि लग्नानंतर सांगणारी गाव बदलते, ही गोष्ट विसरू नका. आज ती सोलापुरात राहत असेल, पण गोष्ट तिच्या आईच्या आईकडून, म्हणजे कदाचित तिसऱ्याच तालुक्यातून आली असेल. नकाशावर बिंदू ठेवायचा तो गोष्ट जिथे ऐकली त्या गावावर. सासरचं गाव टाकलं की भूगोलाची पुढची सगळी तपासणी चुकीची येते, आणि चूक कुठे झाली ते आकड्यांत दिसतही नाही.

विचारताना ‘भोपळ्याची गोष्ट सांगा’ असं म्हणू नका. वाहन कोणतं हेच तुम्ही सुचवून टाकलंत. ‘म्हातारी लेकीकडे जाते’ असंही नको. ‘रानातून जाताना प्राण्यांना फसवणाऱ्या म्हातारीची गोष्ट येते का?’ इतकंच विचारा. म्हातारीच्या जागी कोकरू असलेलं रूपही निसटू नये म्हणून पुढे ‘किंवा दुसऱ्या कुणाची’ एवढं जोडा.

छापील पुस्तकं, शाळेतली पाठांतरं आणि यूट्यूबवरची कार्टून यांमुळे खूपशी रूपं एकसारखी झाली आहेत. ती टाकून देऊ नका, पण वेगळ्या रकान्यात खूण करा: ‘छापील किंवा पडद्यावरून’ आणि ‘तोंडी’. नंतर गणित दोनदा चालवता येईल, एकदा सगळ्यांसह, एकदा फक्त तोंडी रूपांवर. दोन्ही झाडं खूपच वेगळी आली, तर पुस्तकाचा प्रभाव किती आहे हे आपोआप दिसेल.

दुसरी पायरी: लक्षणं ठरवणं

सगळी रूपं दोनदा वाचून झाल्याशिवाय लक्षणांची यादी करू नका. सुरुवातीला ४० लिहा. गाळून ३० उरली तर उत्तम. लक्षण म्हणजे ‘हो’ किंवा ‘नाही’ असं, किंवा मोजक्या पर्यायांत, उत्तर देता येईल असा प्रश्न:

जाणारं कोण, माणूस की प्राणी? जिच्याकडे जायचं ती कोण: लेक, नात, आजी, आणखी कुणी? सुटकेचं कारण कोणतं: ‘परतताना मी जाड होईन’ की ‘माझ्यामागून माझ्याहून जाड कुणी येतंय’? परतीचं वाहन वेलीचं फळ आहे की बनवलेली वस्तू? वाहन कोण सुचवतं? परतीच्या ओळीत आज्ञा वाहनाला दिली आहे की प्राण्याला? (मराठीत ‘चल रे भोपळ्या’ असं वाहनालाच म्हटलं जातं, इराणी ओळीत ‘मला ढकल, मला गडगडू दे’ असं समोरच्या प्राण्याला सांगितलं जातं. लहानसा फरक, पण लक्षण म्हणून पक्का.) खोटं उत्तर ‘पाहिली नाही’ असं आहे की ‘ती केव्हाच दूर गेली’ असं? ओळखणारा प्राणी आधी भेटलेल्यांपैकीच आहे का? शेवटी सुटका होते की खाऊन टाकलं जातं? पंजाबी रूपात कोल्हा कोकराला ओळखतो आणि खातो. कुत्रं किंवा दुसरं कुणी मदतीला येतं का?

चार सापळे टाळा.

प्राण्याची जात नोंदवण्याआधी विचार करा. वाघ, लांडगा, अस्वल हे त्या त्या जंगलाप्रमाणे बदलतात. हेच ते स्थानिक रूप, जागेशी जुळवून घेणं. बंगालात वाघ आणि महाराष्ट्रातही वाघ, यावरून नातं सिद्ध होत नाही. दोन्हीकडे वाघ आहेत एवढंच सिद्ध होतं. जातीऐवजी भूमिका नोंदवा: बळकट पण भोळा, धूर्त ओळखणारा. मात्र आजूबाजूला नसलेला प्राणी कथेत असेल तर तो जरूर नोंदवा. महाराष्ट्राच्या रानात सिंह नाही, तरी मराठी गोष्टीत तो भेटतो. तो कुठून तरी आला आहे: दुसऱ्या गोष्टीतून, पुस्तकातून, की पूर्वजाकडून, हे पुढे ठरेल.

दुसरा सापळा परस्परावलंबी लक्षणांचा. ‘भोपळा आहे’, ‘भोपळा गडगडतो’, ‘भोपळा फुटतो’ ही तीन वेगळी लक्षणं धरली तर एकाच गोष्टीला तीन मतं मिळाली. एकातून दुसरं आपोआप येत असेल, तर एकच ठेवा.

तिसरा सापळा, ‘नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांची सरमिसळ. कुत्र्याचा उल्लेख नाही, तर ‘०’. वाहनच नाही, म्हणून वाहन कशाचं हा प्रश्नच उद्भवत नाही, तर आडवी रेघ. सांगणारी शेवट विसरली, तर प्रश्नचिन्ह. तिन्ही ठिकाणी ‘०’ भरलं की अपुरी रूपं ‘नाही’च्या जोरावर एकमेकांची भावंडं ठरतात, विसरभोळ्या सांगणाऱ्यांचंच एक घराणं तयार होतं. बहुतेक सॉफ्टवेअर रेघ आणि प्रश्नचिन्ह दोन्ही सारखंच मानतात, तरी तक्त्यात वेगळं ठेवा. वाचताना तुम्हाला लागेल.

चौथा, अर्थ लावून बनवलेलं लक्षण. ‘म्हातारी स्वाभिमानी आहे का?’ याचं उत्तर दोन माणसं दोन प्रकारे देतील. असा प्रश्न वाचनाच्या टप्प्यावर विचारा, मोजणीच्या नाही.

तिसरी पायरी: तक्ता आणि तपासणी

स्प्रेडशीटमध्ये ओळीत रूपं, उभ्या रकान्यात लक्षणं, प्रत्येक चौकटीत एकच अंक. दुसऱ्या पानावर प्रत्येक लक्षणाची व्याख्या, आणि कथेतलं कोणतं वाक्य पाहून अंक दिला ते वाक्य. सगळे अंक एकाच चौकटीत जोडून लिहिलेत तर ‘००१०१’चं स्प्रेडशीट ‘१०१’ करून टाकतं आणि सगळी लक्षणं दोन घरं सरकतात. जोडायचंच असेल तर चौकट आधी ‘मजकूर’ या प्रकाराची करा. फाईल सॉफ्टवेअरला देताना रूपांची नावं रोमन लिपीत आणि अंक इंग्रजी (0, 1), मध्ये जागा न सोडता लिहा. देवनागरी नावांवर बरीच सॉफ्टवेअर अडतात. बहुतेकांना चालणाऱ्या फाईलच्या मांडणीचं नाव नेक्सस.

२० रूपं आणि ३० लक्षणं म्हणजे ६०० चौकटी. त्यातली कोणतीही ५ रूपं, म्हणजे १५० चौकटी, दुसऱ्या माणसाला तुमचे अंक न दाखवता भरायला द्या. १५ पेक्षा जास्त ठिकाणी फरक पडला तर माणूस बदलू नका, व्याख्या बदला. फरक सहसा दोन-तीन लक्षणांभोवतीच गोळा झालेले दिसतात. ती लक्षणं नव्याने लिहा किंवा काढून टाका.

चौथी पायरी: एकदा हाताने झाड काढा

थेट सॉफ्टवेअरकडे जाऊ नका. एकदा हाताने केलं की पुढचे आकडे कळतात. सरावासाठी क, ख, ग, घ अशी चार रूपं बनवून घेऊ. हा तक्ता केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहे.

| लक्षण | क | ख | ग | घ |
|---|---|---|---|---|
| १. वाहन दुध्याचं | ० | ० | १ | १ |
| २. सोबत कुत्रं | ० | ० | १ | १ |
| ३. कोल्हा ओळखतो | ० | ० | १ | १ |
| ४. नातीकडे जाते | ० | १ | १ | ० |
| ५. सुरुवातीलाच वाघ भेटतो | ० | ० | ० | १ |
| ६. परतीची आज्ञा वाहनाला | १ | १ | १ | १ |

चार रूपांची मूळ नसलेली झाडं तीनच होतात: क-ख एका बाजूला आणि ग-घ दुसऱ्या, क-ग आणि ख-घ, क-घ आणि ख-ग. प्रत्येक झाडावर प्रत्येक लक्षण कमीत कमी किती वेळा बदलावं लागतं ते मोजा. पहिल्या झाडावर लक्षण १, २, ३ प्रत्येकी एकदा बदलतात, चौथं दोनदा, पाचवं एकदा, सहावं मुळीच नाही: एकूण ६. दुसऱ्या झाडावर पहिली चारही प्रत्येकी दोनदा आणि पाचवं एकदा: ९. तिसऱ्यावर पहिली तीन दोनदा, चौथं एकदा, पाचवं एकदा: ८. सगळ्यात कमी बदल मागणारं झाड पहिलं, म्हणून ते निवडायचं.

आता नीट पाहा. पाचव्या लक्षणाने तिन्ही झाडांत एकच बदल मागितला आणि सहाव्याने शून्य. निवडीत दोघांचाही वाटा नाही. झाड ठरवायला असं लक्षण हवं, ज्याचे निदान दोन पर्याय प्रत्येकी निदान दोन रूपांत आहेत. ३० लक्षणांतली अशी किती, हे आधी मोजा. १५ च्या खाली असतील तर आणखी लक्षणं शोधा, नाहीतर झाड डगमगेल.

चौथं लक्षण या झाडाशी भांडतं. ‘नातीकडे जाते’ हे ख आणि ग मध्ये आहे, पण ते दोघे वेगळ्या फांद्यांवर. याचा अर्थ एक तर दोन ठिकाणी लेकीची नात झाली, किंवा एकाने दुसऱ्याकडून घेतलं. लेक आणि नात यांची अदलाबदल सांगणाऱ्याला सहज सुचते, तेव्हा पहिली शक्यता इथे बळकट. भांडण किती हे मोजायला सातत्य निर्देशांक वापरतात: किमान लागणारे बदल भागिले प्रत्यक्ष झालेले बदल. उपयोगी लक्षणं चार, झालेले बदल पाच, म्हणून ०.८. निर्देशांक १ च्या जवळ म्हणजे भांडण कमी. मात्र रूपं वाढली की हा आकडा आपोआप उतरतो, म्हणून २० रूपांच्या झाडाचा निर्देशांक ४ रूपांच्या झाडाशी ताडून पाहू नका.

हाताने करायची हद्द इथेच. पाच रूपांची १५ झाडं होतात, सहांची १०५, आणि दहांची २०,२७,०२५.

पाचवी पायरी: मूळ कुठे?

आतापर्यंतच्या झाडाला मूळ नाही. कोण जुनं, कोण नवं ते कळत नाही. त्यासाठी बाहेरचा नातेवाईक घ्यावा लागतो: जवळचा, पण या कुळातला नसलेला. सूचीत शेजारीच १२२ ई आहे, नॉर्वेच्या तीन बोकडांच्या गोष्टीचा प्रकार, ज्यात लहान बोकड राक्षसाला ‘थांब, मागून माझ्याहून मोठा येतोय’ असं सांगून सुटतो. तिथे परतीचा प्रवास नाही आणि लपून येण्याचं वाहनही नाही. तो बाहेर ठेवला की ‘वाहनात लपून परतणं’ हे १२२ एफ कुळाचं नवं लक्षण ठरतं, आणि आतल्या फांद्या त्यानंतरच्या. फार लांबची गोष्ट बाहेर ठेवली, तर बहुतेक लक्षणं तिला लागूच होत नाहीत, सगळीकडे रेघा येतात आणि मूळ कुठेही चिकटतं. शक्य असेल तर दोन वेगवेगळे बाहेरचे नातेवाईक लावून पाहा.

सहावी पायरी: सॉफ्टवेअर आणि झाडाचा भक्कमपणा

कमीत कमी बदलांचं झाड शोधायला पॉप (PAUP) किंवा टीएनटी (TNT), आणि आर (R) ही संगणकभाषा येत असेल तर तिची फँगॉर्न ही जोडणी. जाळं काढायला स्प्लिट्सट्री. सगळी लक्षणं सारख्या वजनाची आणि पर्यायांना क्रम नसलेली ठेवा. लेक, नात, आजी यांना ०, १, २ दिलेत म्हणून लेकीपासून आजी दोन पावलं लांब होत नाही.

एकापेक्षा जास्त झाडं बरोबरीला आली तर घाबरू नका, पण त्यातलं आवडेल ते एक निवडूही नका. सर्वांत समान असलेल्या फांद्यांचं एकत्रित झाड काढा. जिथे मतभेद, तिथे फाटा न दाखवता सगळी रूपं एकाच बिंदूतून निघालेली दिसतील.

नंतर भक्कमपणाची चाचणी: तुमच्या ३० लक्षणांतून चिठ्ठ्या काढल्यासारखी ३० उचला (एकच लक्षण पुन्हा आलं तरी चालतं), झाड काढा, आणि हे १,००० वेळा करा. सॉफ्टवेअर ते मिनिटांत करतं. एखादी फांदी किती टक्के झाडांत परत आली, तो तिचा आधार. जिला विरोध करणारं कुणीच नाही अशा फांदीला एका लक्षणाने सुमारे ६३ टक्के, दोघांनी ८६ आणि तिघांनी ९५ टक्के आधार मिळतो. म्हणून ६३ टक्के दिसलं की शब्द जपून वापरा: कदाचित एका कुत्र्यावर सगळी फांदी टांगलेली आहे. ७० टक्क्यांच्या खालच्या फांदीवर साहित्यिक निष्कर्ष बांधू नका.

सातवी पायरी: झाड की जाळं

पुणेकरांना या अडचणीचा मोठा दाखला घराजवळच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. सी. सुकथनकरांनी आदिपर्वाच्या पाठपरंपरांची वंशावळ मांडली, आणि त्याचबरोबर परंपरांनी एकमेकींतून घेतलेल्या मजकुराचा, पाठसंकराचा, प्रश्नही ठळकपणे पुढे ठेवला. नकलाकारासमोर दोन पोथ्या असल्या की तो दोन्हींतून घेतो. मग त्या नकलेला आईबाप दोन. तोंडी कथेत हे आणखी सोपं, कारण आजी आईकडच्याही असतात आणि वडिलांकडच्याही.

झाडाला दोन फांद्यांचा संगम दाखवता येत नाही. म्हणून तोच तक्ता स्प्लिट्सट्रीत टाकून शेजारजाळं (नेबर-नेट) काढा. रूपांतलं अंतर म्हणजे दोघांत जुळत नसलेल्या लक्षणांचं प्रमाण. ३० पैकी ६ लागू नसतील तर भागाकार २४ ने. चित्र काट्यांसारखं उघडं आलं तर वंशपरंपरा प्रबळ. मध्ये चौकोनांचं दाट जाळं दिसलं तर उसनवारी किंवा गरजेतलं साम्य भरपूर. सॉफ्टवेअर प्रत्येक रूपाला डेल्टा मूल्यही देतं, ० ते १ मधलं. जास्त मूल्याची रूपं संकराची असण्याची शक्यता मोठी. त्या रूपांच्या नोंदींत ‘कुणाकडून ऐकली’ हा रकाना उघडा. दोन आज्या, किंवा आजी आणि शाळेचं पुस्तक असं काही सापडलं, तर गणित आणि माणसाची आठवण एकमेकांना दुजोरा देतात. तेहरानींच्या अभ्यासात पूर्व आशियातली रूपं दोन वेगळ्या कथाप्रकारांच्या मिश्रणातून घडलेली दिसली. संकर ओळखणं हे या पद्धतीचं अपयश मानू नका, तो एक निष्कर्ष आहे.

भूगोल तपासायचा असेल, तर कथांतलं अंतर आणि गावांतलं अंतर असे दोन चौरस तक्ते करून मँटेल चाचणी लावा, निदान ९९९ अदलाबदलींसह. दोन्ही अंतरं सोबत वाढतात का, की तो जुळून आलेला योगायोग, हे ती तपासते. गावांतलं अंतर सरळ रेषेत घेऊ नका. कोकण आणि देश यांत सरळ रेषेत ६० किलोमीटर असले तरी गोष्ट घाटवाटेनेच चढली असणार.

आठवी पायरी: कथेकडे परत

इथवरचं काम मोजणीचं होतं. आता वाचनाला लागा, पण झाड हातात ठेवून. प्रत्येक फाट्यावर पूर्वजाकडे कोणतं लक्षण असावं हे सॉफ्टवेअर सुचवतं. तिथून कुठे काय बदललं याची यादी करा आणि त्या त्या जागी कथा पुन्हा वाचा.

पहिली गोष्ट जी हाताला लागते ती म्हणजे स्थिर आणि अस्थिर भाग. प्रथिनात काम करणारी जागा लाखो वर्षं जवळजवळ तशीच राहते आणि इतर भाग मोकळेपणाने बदलतो, तसंच इथेही दिसतं: पंजाबी, बंगाली, मराठी, पोर्तुगीज सगळीकडे परतीची ओळ तालबद्ध आहे आणि तीत वाहनाची चाल ऐकू येते. मधलं गद्य, लेकीने काय खाऊ घातलं, किती दिवस ठेवलं, हे सैल आहे. का? ती ओळ मुलं सोबत म्हणतात. चुकवली तर लगेच दुरुस्त करतात. दुरुस्ती जिथे सतत होते तिथे बदल टिकत नाही. हा साहित्यिक निष्कर्ष आहे, आणि तो तक्त्यातून आलेला आहे: तालबद्ध ओळींतली लक्षणं एका बाजूला, गद्यातली दुसऱ्या बाजूला घेऊन दोन्हींचे बदल वेगवेगळे मोजा.

दुसरी, शेवट. कोकरू खाल्लं जातं आणि म्हातारी वाचते. बाहेरच्या नातेवाइकात बोकड वाचतात, म्हणून झाड ‘खाल्लं जाणं’ हा नंतरचा बदल सुचवेल. पण इथे थांबून विचारा: जाणारं कोण आणि शेवट काय, ही दोन लक्षणं स्वतंत्र आहेत का? म्हाताऱ्या माणसाला खाऊन टाकणं लहान मुलांना सांगवत नसेल, तर जाणाऱ्याच्या बदलासोबत शेवटही फिरला असेल. कोकराची आणखी रूपं मिळाल्याशिवाय ही गाठ सुटत नाही.

जीवशास्त्राची भाषा इथे कुठे सोडायची, तेही ठरवा. जीवातला बदल आंधळा असतो. सांगणारी मुद्दाम बदलते, समोरचं मूल घाबरलंय म्हणून शेवट मऊ करते. ‘जे रूप टिकलं ते सर्वांत सक्षम’ असं लिहू नका. एखादं रूप पाठ्यपुस्तकात गेलं म्हणून सगळीकडे पसरलं असेल, तर त्यामागे छापखाना आहे, कथेचे गुण नव्हेत. झाड कथा कुठून आली ते सांगतं. ती चांगली का, हे त्याला विचारू नका.

लिहून काढताना

लेखासोबत संपूर्ण तक्ता, लक्षणांच्या व्याख्या, गाळलेली लक्षणं आणि गाळण्याचं कारण द्या. झाड आणि जाळं दोन्ही छापा, फांद्यांवर आधाराचे टक्के लिहा. दुसऱ्याला तुमचा एक अंक पटला नाही तर तो बदलून गणित पुन्हा चालवता यावं, इतकं सगळं उघडं ठेवा.

आणि पोर्तुगालचा प्रश्न. इराणी, मराठी आणि पोर्तुगीज रूपांत म्हातारी, जाड होण्याचा वायदा आणि वेलीचं फळ, तिन्ही जुळतात. पंजाब मध्ये असूनही वेगळा. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते, म्हणून ‘जहाजातून गेली किंवा आली’ असं म्हणण्याचा मोह होतो. ते म्हणण्याआधी गोमंतकातल्या कोकणी रूपांचा निदान एक गट, गुजरात आणि सिंधची रूपं, आणि इराण ते पोर्तुगाल यांमधल्या तुर्की व अरबी प्रदेशांतली रूपं तक्त्यात हवीत. पोर्तुगीज रूप कोकणी रूपांच्या आत जाऊन बसलं आणि फांदीला ७० च्या वर आधार मिळाला, तर समुद्रमार्गाला बळ येतं. ते तुर्की-अरबी रूपांजवळ बसलं, तर गोष्ट जमिनीवरून गेली असण्याची शक्यता मोठी. आणि ते एकटंच, लांब देठावर राहिलं, तर आणखी पोर्तुगीज रूपं मिळवून ‘आज्ञा कुणाला’ आणि ‘खोटं उत्तर कोणतं’ हे रकाने पुन्हा भरा.